कलम ३७ : एका सरकारी वाङ्मयाची समीक्षा

दोस्तहो, आपल्याकडे साठ पानांच्या कवितासंग्रहावर चार-चार परीक्षणं येतात. कोण कुणाचा वारस, कुणाची प्रतिमा कुणी उचलली, यावर बाटलीभर शाई सांडते. पण या महाराष्ट्रात एक वाङ्मय असं आहे की ज्याच्या आवृत्त्या मोजता येत नाहीत. जिल्ह्याच्या पेपरात येतं, कचेरीच्या भिंतीवर येतं, ठाण्याच्या फळ्यावर डकवलेलं असतं. सणाला येतं, निवडणुकीला येतं, जयंतीच्या तोंडावर येतं, आणि मोर्चाच्या आधी तर हमखास येतं. लेखकाचा फक्त हुद्दा मोठ्या अक्षरात असतो. या वाङ्मयाला जमावबंदीचा हुकूम म्हणतात.

विद्यापीठातले समीक्षक त्याच्याकडे फिरकत नाहीत. त्यांना त्याची गरज पडत नाही. ज्याच्या अंगावर हे वाङ्मय येतं त्यानेच त्याची समीक्षा करावी हे बरं. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. सूत कुठं तुटलं ते बघायचं आणि जोडायचं, हा माझ्या पोटापाण्याचा धंदा. त्याच नजरेनं हा मजकूर वाचला.

मूळ ग्रंथ म्हणजे मुंबई पोलीस अधिनियम, १९५१. आता त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम. इंग्रजी अमदानीतल्या १८९० आणि १९०२ च्या पोलीस कायद्यांच्या जागी तो आला. संविधान लागू झालं २६ जानेवारी १९५० ला. म्हणजे हे पोर स्वतंत्र देशात जन्मलेलं. पण बोलायला लागलं ते साहेबाच्याच जिभेनं.

त्यातलं कलम ३७ वाचा. पोटकलम १ सांगतं की सार्वजनिक शांततेसाठी पोलीस आयुक्ताला किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याला पुढील गोष्टींना मनाई करता येते. आणि मग यादी सुरू होते. शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या. ठीक. मग दाहक पदार्थ आणि स्फोटकं. तेही ठीक. मग दगड आणि दगड फेकायची साधनं. इथपर्यंत कुणाची हरकत नाही. ज्याच्या झोपडीवर दगड पडलेत त्याची तर मुळीच नाही.

पण यादी थांबत नाही. पुढची पायरी : माणसं, प्रेतं, किंवा त्यांच्या प्रतिमा आणि पुतळे यांचं प्रदर्शन. त्याच्या पुढची : जाहीरपणे घोषणा देणं, गाणी म्हणणं, वाद्यं वाजवणं. आणि शेवटची : आवेशाची भाषणं, हावभाव, नकला, आणि चित्रं, चिन्हं, फलक तयार करणं, दाखवणं किंवा पसरवणं, जर ते अधिकाऱ्याच्या मते सभ्यतेला वा नीतीला बाधक असेल, किंवा राज्याची सुरक्षितता धोक्यात आणणारं असेल.

आता समीक्षा. यादी हासुद्धा एक वाङ्मयप्रकार आहे. यादीत वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या की त्या एका जातीच्या होतात. हेच यादीचं कसब. तलवारीपासून निघालेलं वाक्य पाच पायऱ्यांत गाण्यापर्यंत येतं आणि वाचणाऱ्याला ठेचसुद्धा लागत नाही. बंदुकीच्या रांगेत ढोलकी बसली. सुऱ्याच्या रांगेत फलक बसला. अ‍ॅसिडच्या रांगेत नक्कल बसली. दोन गोष्टी एका पंगतीत का बसवल्या याचं कारण कुठंच लिहिलेलं नाही. ज्यांना हजारो वर्षं कुणी पंगतीला बसू दिलं नाही, त्यांच्या गाण्याला सरकारने पंगत दिली ती तलवारीची.

दुसरी गोष्ट. ‘अधिकाऱ्याच्या मते’ हे दोन शब्द. सगळं कलम या दोन शब्दांवर उभं आहे. एखादं चित्र असभ्य आहे की नाही हे कोण ठरवणार? चित्रकार नाही, बघणारी वस्ती नाही, सुरुवातीला कोर्टसुद्धा नाही. अधिकारी. म्हणजे या वाङ्मयात लेखक, वाचक आणि परीक्षक तिन्ही एकच माणूस.

हे ओळखीचं वाटलं का? मला वाटलं. कारण आपल्या कवितेचं परीक्षण नेमकं असंच झालेलं आहे. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला तेव्हापासून प्रस्थापित समीक्षेची तक्रार एकच : भाषा शिवराळ आहे, नुसता आक्रोश आहे, संयम नाही, कलात्मक अंतर नाही. आता त्याच पोलीस कायद्याचं कलम ११० काढा. रस्त्यात असभ्य भाषा वापरणं, असभ्यपणे, दंगेखोरपणे किंवा बेशिस्तीनं वागणं. कलम १११ काढा. आरडाओरडा करून, धमकीचे हावभाव करून शांतता बिघडवणं. कलम ११२ काढा. शिवीगाळीचे वा अपमानकारक शब्द, ज्यांनी शांतताभंग होऊ शकेल. शब्दकोश एकच आहे, दोस्तहो. एकाच्या अंगात खाकी आहे आणि दुसऱ्याच्या अंगात झब्बा, एवढाच फरक. दोघांनाही आपला आवाज ऐकू येतो, बोलणं ऐकू येत नाही.

आणि कलम ३३ मध्ये नियम करायचा अधिकार आहे, त्यात सार्वजनिक करमणुकीचे खेळ येतात. तिथं मेळे आणि तमाशे ही नावं घेऊन सांगितलेली आहेत. तमाशा कुणाचा, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको.

आमच्या गावचीच एक गोष्ट सांगतो. गावाचं नाव नको. जयंतीच्या आदल्या रात्री वस्तीच्या पटांगणात कविता वाचायच्या म्हणून आम्ही अर्ज घेऊन गेलो. टेबलावरचा माणूस म्हणाला, "हुकूम लागू आहे. गाणी आहेत का भाषणं?" आम्ही म्हणालो, "साहेब, कविता आहेत." तो म्हणाला, "ते कळलं. पण म्हणजे गाणी का भाषणं?" आम्ही हसलो, पण प्रश्न बरोबर होता. कलमात गाण्याचा खण वेगळा आणि भाषणाचा वेगळा. आपली कविता कुठल्या खणात घालायची हे त्याला कळेना. मराठी समीक्षेलाही ते अजून कळलेलं नाही. परवानगी मिळाली नाही, हे वेगळं सांगत नाही.

आता पोटकलम ३. हे जमावाचं आणि मिरवणुकीचं. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी गरज वाटेल तेव्हा आणि तोवर अधिकाऱ्याला जमाव किंवा मिरवणूक बंद करता येते. पण पुढं अट आहे : राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ही मनाई १५ दिवसांच्या वर चालणार नाही. कायदा करणाऱ्यांना एवढी तरी लाज होती की हे औषध रोज द्यायचं नसतं. मग व्यवहारात काय झालं? पंधरा दिवस संपले की नवा कागद. तोच मजकूर, नवी तारीख. मुंबईत तर असे हुकूम एकामागून एक निघत आलेले आहेत. अपवाद म्हणून जन्मलेलं वाक्य रोजचं झालं. पंधरवड्याचं नियतकालिकच झालं ते. आपलं मासिक वर्गणीअभावी दोन-दोन महिने रखडतं. ते कधी रखडत नाही.

या मुंबईच्या हुकुमांतला सूट देणारा परिच्छेद मला सगळ्यात खरा वाटतो. पाच किंवा जास्त माणसांनी जमायचं नाही, असं वर लिहितात. खाली लिहितात की लग्नाला हे लागू नाही, अंत्ययात्रेला नाही, कंपन्यांच्या, क्लबांच्या, सहकारी संस्थांच्या कायदेशीर सभांना नाही, सिनेमा-नाटकाला नाही, कोर्टकचेरीला नाही, शाळा-कॉलेजाला नाही, दुकानांना आणि कारखान्यांना नाही. म्हणजे आपल्याला लग्न करायला जमता येतं. मरायला जमता येतं. सिनेमा बघायला जमता येतं. कारखान्यात हजार माणसं एका छपराखाली रात्रभर राबली तरी तो जमाव नाही. तीच माणसं पाळी सुटल्यावर गेटाबाहेर पाच मिनिटं पगाराबद्दल बोलत उभी राहिली की जमाव झाला. हुकुमाची भीती माणसांच्या संख्येला नाहीच. माणसं एकत्र येऊन काय बोलतील त्याला आहे.

इथं एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या दंडसंहितेचं कलम १४१, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १८९, बेकायदेशीर जमावाची व्याख्या करतं. त्यात पाच माणसं लागतात हे खरं, पण नुसती पाच पुरत नाहीत. त्यांचा समान उद्देश बेकायदा असावा लागतो. जमावबंदीचा हुकूम हा उद्देशच गाळून टाकतो. उरतो फक्त आकडा. वाक्यातून क्रियापद काढून घेतलं आणि कर्त्यालाच गुन्हेगार केलं, असं हे व्याकरण.

कलम ३७ चा एक थोरला भाऊ आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं. मजकूर जवळजवळ तोच. आपल्या कितीतरी घोषणांत अजून १४४ च आहे. घोषणा जुन्या झाल्या तरी चालतील, पण कार्यकर्त्याला आकडा माहीत पाहिजे. नाहीतर ठाण्यात पहिल्याच वाक्याला तोंड बंद होतं.

कोर्टांनी या वाङ्मयाचं काय केलं? दोन्ही तऱ्हा झाल्या. नागपुरात १९५६ साली कापडगिरणीच्या कामगार संघटनांच्या तंट्यात १४४ चा हुकूम निघाला. बाबुलाल पराते यांनी त्या कलमालाच आव्हान दिलं. १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ते कलम घटनेत बसतं असं ठरवलं. या देशातल्या जमावबंदीचा मोठा निवाडा गिरणीच्या दारातून निघाला, ही गोष्ट कामगाराने विसरू नये.

दुसरा निवाडा १९७२ चा. हिंमतलाल शहा विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद. तिथं हाच आपला मुंबई पोलीस कायदा होता. त्याच्या कलम ३३ खाली नियम केला होता की रस्त्यावर सभा घ्यायची तर आधी परवानगी घ्या. परवानगी कशावरून द्यायची, कशावरून नाकारायची, काही मापच नाही. सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला. सरकारला सभेचं नियमन करता येईल, पण सगळे रस्ते सभेला बंद करता येणार नाहीत, आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर हक्क टांगता येणार नाही, असा त्याचा मतलब. १९७२ हे साल आपण पँथरचं म्हणून ओळखतो. त्याच सालात हाही एक कागद आपल्या बाजूने पडलेला आहे.

पण कागद पडून राहिला तर त्याचा उपयोग नाही. ५ जानेवारी १९७४ ला वरळीला पँथरच्या सभेवर काय झालं, आणि १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव कसे गेले, हे आपल्याला पाठ आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून माणसं रस्त्यावर आली, आणि राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण मारले गेले. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. सुव्यवस्था राखताना आपल्या वस्तीत माणूसही जातो आणि त्याच्यासाठी गाणारा शाहीरही जातो.

२०२० मध्ये पुन्हा दोन निवाडे आले. जानेवारीत सुप्रीम कोर्टाने काश्मीरच्या खटल्यात सांगितलं की १४४ चा वापर रास्त मतभेद दाबायला करता येत नाही, हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, आणि तेच तेच हुकूम पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. फेब्रुवारीत मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या प्रकरणात निकाल दिला. नागरिकत्वाच्या कायद्याविरुद्ध शांतपणे धरणं धरायचं होतं. परवानगी नाकारली ती कलम ३७ च्या हुकुमाकडे बोट दाखवून. कोर्टाने हुकूम वाचला, नुसता पाहिला नाही. म्हणाले, हा दिसायला सगळ्यांसाठी आहे, पण खरा रोख आंदोलन करणाऱ्यांवर आहे. हुकूम रद्द झाला. एका कायद्याला विरोध करणारी माणसं देशद्रोही ठरत नाहीत, असंही कोर्टाने म्हटलं. मी याला चांगली समीक्षा म्हणतो. शब्दाच्या मागचा हेतू वाचणं, हेच तर समीक्षकाचं काम.

आता एक अवघड प्रश्न. आपल्याला गप्प करायचं असलं की पांढरपेशे लोक आपल्यालाच बाबासाहेब वाचून दाखवतात. २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण. त्यात बाबासाहेबांनी सांगितलं की सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे मार्ग आता सोडले पाहिजेत. ते अराजकाचं व्याकरण आहे. हे खरं आहे. ते झाकून ठेवायचं कारण नाही. पण पूर्ण वाचा. तिथं एक अट आहे. घटनात्मक मार्ग खुले असताना दुसऱ्या मार्गांना समर्थन नाही, असा तो युक्तिवाद आहे. आता मला सांगा, शांतपणे आणि शस्त्राविना एकत्र जमणं हा कुठला मार्ग? अनुच्छेद १९ (१)(ख) मध्ये तो हक्क म्हणून लिहिलेला आहे. म्हणजे सभा हाच घटनात्मक मार्ग. सभेला बसलेला माणूस बाबासाहेबांचं ऐकतोय. पंधरा-पंधरा दिवसांचे कागद लावून जो त्या मार्गावर भिंत घालतो, अराजकाचं व्याकरण तो लिहितोय. होय, घटनेत सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधनांची सोय आहे. पण ‘वाजवी’ हा शब्द तिथं शोभेला ठेवलेला नाही.

आणि मनाई हुकूम आला तर काय करायचं, याचा धडा बाबासाहेबांनी १९२७ मध्येच दिलेला आहे. डिसेंबरात महाडच्या दिवाणी कोर्टाने चवदार तळ्यावर जायला तात्पुरती मनाई केली. परिषदेला जागा कुणी देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. हजारो माणसं तळ्यावर जायच्या तयारीने आलेली. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडला नाही. पण परिषद झाली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. मिरवणूक तळ्याभोवती फिरून आली. आणि खटला दहा वर्षं लढवून १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात जिंकला. हुकुमात जे बंद आहे तेवढंच बंद. जे बंद नाही ते सगळं चालू. असं वाचायला हुकूम शब्दाशब्दाने वाचावा लागतो. हाच माणूस पुढे ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक तंट्याच्या बिलाविरुद्ध मुंबईच्या कामगारांच्या संपात उभा राहिला. कायदा मानणं म्हणजे कायद्यापुढे मान घालणं नव्हे.

आता थोडं आपल्या घरात बघू. आपल्या कवितेत पोलीस येतो तो लाठी घेऊन येतो. कागद घेऊन येत नाही. शेकडो कवितांत बूट आहेत, शिट्ट्या आहेत, रक्त आहे. पण लाठीच्या आधी टंकलेला कागद येतो, त्याच्यावर जावक नंबर असतो, खाली शिक्का असतो, हे आपल्या कवींना दिसत नाही. म्हणून आपल्या कवितेतला पोलीस गावगुंडासारखा दिसतो. तो व्यवस्थेचा नोकर आहे हे कळत नाही. ‘दडपशाही’ हा शब्द लिहिला की आपल्याला वाटतं सगळं सांगून झालं. तो शब्द आता गुळगुळीत नाण्यासारखा झाला. दडपशाही कुठल्या कलमाने, कुठल्या तारखेला, कुणाच्या सहीने झाली ते लिहा. कविता कोरडी होईल अशी भीती असेल तर ती कविता आधीच ओली नव्हती.

कार्यकर्त्यांचंही तसंच. "परवानगी नाकारली" एवढं ऐकून आपण परत येतो आणि कट्ट्यावर शिव्या देतो. ते सोडा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा, कारणासकट. हुकुमाची प्रत मागा. तो कलम ३७ (१) खाली आहे की ३७ (३) खाली की १६३ खाली ते बघा. तारीख बघा, १५ दिवस कधी भरतात ते मोजा. सभेला पूर्ण बंदी आहे की परवानगीची अट आहे ते बघा. हे दोन वेगळे. कलम ३७ (१) मोडल्याबद्दल कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, ही चेष्टा नव्हे, हे नव्या पोरांना आधीच सांगा. आणि नुसतं हुकूम मोडल्याबद्दल जुनं १८८, आता न्याय संहितेचं २२३, लावलं असेल तर कोर्टाला दखल घेण्यासाठी त्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते, हे वकिलाला आठवण करून द्या.

प्रत्येक गावच्या मंडळाने हे हुकूम जमवावेत अशी माझी सूचना आहे. वर्षभराचे. तारखेने लावावेत. शेजारी आपले अर्ज लावावेत, आणि त्याच दिवसांत कुणाच्या मिरवणुका निघाल्या त्यांची नोंद लावावी. कुणाच्या ढोलाला सुव्यवस्था म्हटलं आणि कुणाच्या हलगीला गोंगाट म्हटलं, ते त्या तीन रकान्यांत आपोआप दिसेल. त्यावर भाष्य करायची गरज पडणार नाही. तसा एक तक्ता छापायला या अंकात पाच पानं द्यावी लागली तरी संपादकांनी द्यावीत. माझ्या दोन कविता मागे ठेवल्या तरी चालतील.

जयभीम.